मलमलीआडचं झुडूप

१

दुपारचं प्रॅक्टिकल आटोपलं की आमच्या प्रयोगशाळेत एक वास मागे उरायचा. स्पिरिटचा, चिरडलेल्या पानांचा आणि वर तापलेल्या कौलांचा. आज इतक्या वर्षांनी कुठल्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला, तरी मला आधी ती लांबट खोली आठवते, खिडकीतून दिसणारा समुद्राचा तुकडा आठवतो, आणि मग हफीजाबींचं परडं.

सत्तावन्न साल होतं. मी देवरुखची, कुमुद आठल्ये. बी.एस्सी. होऊन रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते आणि जोडीला एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते. विषय साधा होता. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या फुलांवर कोण कोण येतं आणि पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात कसा जातो. कॉलेज सुटलं की मी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन खुळखुळ्याच्या झुडपांपाशी उन्हात बसायची आणि भुंग्यांवर नजर ठेवायची. गुरं घेऊन जाणारे लोक वळून वळून बघायचे. मला मात्र त्या वेळी त्याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं.

माघ नुकताच लागला होता. वर्गातली आसिया नावाची मुलगी एक डहाळी घेऊन आली. हिरवीगार, जवळजवळ बिनपानाची काडी आणि तिच्यावर खालून वर लागलेली पिवळीधमक फुलं. वास असा गोड की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकली.

फूल शेंगवर्गातलं होतं हे उघडच दिसत होतं. वर उभी मोठी पाकळी, बाजूंना दोन, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली छोटीशी होडी. बहुतेक फुलांत माशी बसली की ही होडी खाली दबते आणि माशी उडाली की पुन्हा वर येते. या फुलाची होडी मात्र घट्ट मिटलेली होती. मी पेन्सिलीच्या टोकानं बाजूच्या पाकळ्या जरा दाबल्या. 'टुक्' असा आवाज झाला, होडी वरच्या शिवणीवर फाटली आणि आतले केसर स्प्रिंगसारखे उसळून माझ्या नखावर आपटले. नखावर पिवळी पूड राहिली. फूल पुन्हा काही मिटलं नाही. पोरं हसली.

मला हसू आलं नाही, कारण हे फूल मी पुस्तकात पाहिलेलं होतं. स्पॅनिश ब्रूम. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरांवर वाढणारं झुडूप. कोकणात ते असायचं काहीच कारण नव्हतं.

आसिया म्हणाली की आमच्या शेजारच्या हफीजाचाचीच्या परड्यात आहे, तिचा नवरा बोटीवर होता त्यानं आणलं.

२

राजिवड्याला खाडीच्या काठी ते घर होतं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे पडवी, आणि पडवीपुढे पश्चिमेला उतरत गेलेलं परडं. परड्याच्या टोकाला चिरे रचून केलेल्या उंच वाफ्यात ते झुडूप उभं होतं, माझ्याहून दोन हात उंच. पावसाळ्यात त्याच्या मुळांशी पाणी राहू नये म्हणून तो वाफा. आणि वरून पाऊस लागू नये म्हणून हफीजाबी दर वर्षी त्याच्यावर माडाचे झाप बांधायच्या. असं करून त्यांनी ते जगवलं होतं.

हफीजाबी तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज मात्र बारीक. नवरा मन्सूर आगबोटीवर सारंग होता. म्हणजे खलाशांचा मुकादम. लढाईच्या आधी इटलीतल्या कुठल्याशा बंदरातून तो एक वाळकी शेंग कोटाच्या खिशातून घेऊन आला आणि तिच्यातलं एक बी इथं रुजलं. पुढे लढाईत त्याची बोट त्याच भूमध्य समुद्रात बुडाली. कंपनीनं कळवलं की बेपत्ता. मयत असं कुणी कळवलं नाही, आणि हफीजाबींनीही तो शब्द कधी वापरला नाही. भिंतीवर फोटो होता. कोट घातलेला, मिशी कातरलेला माणूस, एक हात खिशात.

मी त्यांना विचारलं की याला शेंगा येतात का. त्या म्हणाल्या की आमचे हे होते तोवर यायच्या, गेल्यापासून एक नाही. रजेवर घरी असले की दुपारची नमाज झाल्यावर ते परड्यात जायचे आणि एकेक फूल बोटानं दाबत फिरायचे. त्या मुलखातली पोरं तसं खेळतात म्हणे.

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे त्यांना पाठ द्यायला लागले. या फुलात मध नाही. आपली सातेरी मधमाशी येते, पण तिच्या वजनानं होडी उघडत नाही. भुंगा जड असतो, पण मध नाही म्हटल्यावर तो हुंगून निघून जातो. त्याच्या मुलखात याची कामं करणाऱ्या मोठ्या माश्या आहेत, इथे त्या नाहीत. फूल दाबल्याशिवाय उघडत नाही आणि उघडल्याशिवाय शेंग धरत नाही.

हफीजाबींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माशीचं काम आमचे हे करायचे," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

त्याच दिवशी त्यांनी सांगितलं की त्यांचा भाऊ नझीर मुंबईला गोदीत आहे आणि रमजान लागायच्या आत त्यांना कायमचं मुंबईला न्यायला येणार आहे. घरात त्या एकट्या होत्या. मूलबाळ नव्हतं. जायचं ठरलंच होतं. माझ्या हातात तो एकच बहर होता.

३

मला सिद्ध काय करायचं होतं, तर एवढंच की कुणी हात लावला नाही तर हे झुडूप शेंग धरत नाही. त्यासाठी ते सगळ्या बाजूंनी झाकायला हवं होतं, म्हणजे माशीचंही पिल्लू आत जायला नको. कॉलेजचा शिपाई रावजी येऊन चार कोपऱ्यांना बांबू रोवून गेला. मी पातळ मलमल आणली आणि हफीजाबींनी ती आपल्या हातमशिनीवर शिवून दिली. एक मोठी पांढरी खोलीच झाली म्हणा. वरून छत, चारी बाजूंना पडदे, खालची कड वाळूत पुरून तिच्यावर चिरे. एका बाजूला नाड्यांनी बांधायचं दार. त्या दारातून फक्त मी आत जाणार आणि लगेच नाड्या बांधणार.

त्याशिवाय काही कळ्या मी वेगळ्या केल्या. होडी चिमट्यानं अलगद उकलायची, आतले परागकोश पिकायच्या आधीच काढून टाकायचे, फक्त स्त्रीकेसर ठेवायचा आणि वर मलमलीची टीचभर पिशवी लाल दोऱ्यानं बांधायची. या फुलांपाशी स्वतःचा पराग नाही, दुसऱ्याचाही पोचत नाही. ती वाळून गळायलाच हवीत.

त्या उतरत्या दुपारी अजून माझ्या अंगाला लागलेल्या आहेत. मी आतून निरीक्षण करून बाहेर यायची, तोवर हफीजाबींनी पडवीत पाट मांडलेला असायचा. गवती चहा घातलेला कोरा चहा आणि घावणे. खाली खाडीत मचवे डुलत असायचे, कुणीतरी जाळं दुरुस्त करत गुणगुणत असायचं. त्या शिवत बसायच्या आणि मला लग्न का करत नाहीस म्हणून विचारायच्या. मी उत्तर टाळलं की आपल्या लग्नाची गोष्ट सांगायच्या. पाठीमागे पांढरा पडदा वाऱ्यानं फुगायचा आणि बसायचा. आत ते झुडूप उभं असायचं, आणि वास सगळ्या परड्यात भरलेला.

एक दिवस मी नाड्या सोडून आत गेले, तर खाडीकडच्या अंगाला एका फांदीवरची फुलं उघडलेली होती.

४

मी आधी कापड तपासलं. कुठे फट नव्हती. वाळू जशीच्या तशी होती. आत माशी नव्हती, मुंगळा नव्हता.

मग मनाशी म्हटलं, ऊन. माघ सरत आला होता, दुपारी परडं तापायचं. होडीची शिवण वाळून आपोआप फाटत असेल. असं एक कारण सापडलं की माणूस किती हलका होतो. मी एक फांदी कापून प्रयोगशाळेत नेली, पाण्याच्या भांड्यात घालून उन्हाच्या खिडकीत ठेवली. तिथे परड्यापेक्षा जास्त उकडायचं. फुलं कोमेजली आणि मिटलेलीच गळाली.

परड्यात मात्र रोज नवी फुलं उघडत होती. आणि ती कशीही विखुरलेली नव्हती. एक फांदी घेतलेली, तिच्यावरचं खालचं फूल, मग वरचं, मग त्याच्या वरचं, थेट टोकापर्यंत. मग शेजारची फांदी. सगळं उभ्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीत. त्याच्या वरची फुलं मिटलेली, खालची मिटलेली.

मी हफीजाबींना मुद्दाम सांगितलं नव्हतं. पण त्यांनी एका संध्याकाळी पडवीतून विचारलं, "बाय, फुलं उघडतायत ना?"

मी म्हटलं, वाऱ्यानं कापड घासत असेल.

"वारा एकाच अंगाला कसा लागंल गो? मी ऐकते रोज. जोहरची, दुपारची नमाज झाली की सुरू होतं, तू येईपर्यंत थांबतं."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पंचविशीतल्या बाईसारखा तो चेहरा दिसत होता. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मुंबईला न्यायची ट्रंक ओटीवर उघडी होती. बांधलेले कपडे त्या एकेक करून परत फडताळात लावत होत्या.

५

नझीरभाई बोटीनं आले ते थेट कॉलेजात मला भेटायलाच आले. ठेंगणे, डोक्याला टोपी, हातात छत्री, बोलणं अगदी नरम. मी रागावण्याच्या तयारीत होते, पण त्यांनी मला रागवायची संधीच दिली नाही.

ते म्हणाले की बहीण यायला तयार नाही. तिला वाटतं, मन्सूरभाई परड्यात येतात. पंधरा वर्षं ती एकटी राहिली, पण तिच्या बोलण्यात असं काही कधी नव्हतं. आता दुपार झाली की जेवण टाकून पडवीत जाऊन बसते. नवं पातळ नेसते.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तो पडदा तुम्ही लावलात," ते म्हणाले. "हे कशानं होतं ते तुम्ही तिला समोर बसून दाखवा. तुमचं ती ऐकेल. माझं नाही ऐकत."

मी कबूल केलं. काहीतरी साधंच कारण निघणार याची मला अजून खात्री होती. सरडा असेल, पाल असेल, वाफ्यातून वर येणारा एखादा किडा असेल. दुपारभर समोर बसून पाहिलं की उलगडेल, असं मी त्यांना म्हणाले. रस्त्यानं जाताना मात्र मला त्या फांद्या आठवत होत्या. पाल काही एक फूलही न चुकवता खालून वर जात नाही.

६

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नझीरभाई बोटीची तिकिटं काढायला बंदरावर गेले. मी आणि हफीजाबी मागच्या पडवीत बसलो. त्यांनी नमाज आटपली होती. डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवले. माझ्या हातात घड्याळ होतं, पण मी त्याच्याकडे पाहिल्याचं आठवत नाही.

ऊन पश्चिमेला कललं, तशी झुडपाची सावली आमच्या बाजूच्या कापडावर उतरली. बारीक बारीक सरळ काड्या, आणि त्यांच्यावर फुलांचे ठिपके. वारा पूर्ण पडला होता. खाली खाडीतही कुणी बोलत नव्हतं.

टुक्.

अगदी बारीक आवाज. कुणी नखानं सुपारीच्या डब्याला टिचकी मारावी तसा. मी डोळे ताणून पाहू लागले. एक ठिपका हलला आणि फुटल्यासारखा पसरला. टुक्. त्याच्या वरचा. टुक्. त्याच्या वरचा. घाई नव्हती, थांबणं नव्हतं. कुणीतरी कामाच्या नादात नव्हे, तर सहज, जुन्या सवयीनं करत असावं अशी ती लय होती. लहानपणी मी शाळेतून येताना कुंपणाच्या गडग्यावरून बोटं फिरवत यायची, तशी.

मी सावल्यांमध्ये पाल शोधत होते. मला काड्यांच्या मधे एक जाड सावली दिसली. मी तिला फांदी समजले. मग ती फांदी वर सरकली, आणि तिच्या टोकाशी असलेलं फूल उघडलं.

हफीजाबी उठल्या. मी त्यांचा पदर धरायला हात पुढे केला, पण तो निसटला. त्या अनवाणी पायऱ्या उतरल्या, परड्यातून चालत गेल्या आणि पडद्यापाशी उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी ऐकलं नव्हतं. त्या नाव घेत नसत.

"मन्सूर," त्या म्हणाल्या.

आवाज थांबला. जाड सावली खाली आली. मग ती मोठी झाली, आवाजाच्या दिशेनं वळल्यासारखी, आणि हफीजाबींच्या तोंडासमोर कापड आतून हळूच बाहेर आलं. आधी तळवा उमटला. मग एकेक करून बोटं. पातळ मलमल त्या हातावर इतकी ताणली गेली की नखंसुद्धा कळत होती.

हफीजाबींनी आपला हात उचलला होता. त्या हातावर हात ठेवायला एवढंसंच अंतर उरलं होतं. तिथे त्यांचा हात थांबला. हफीजाबी त्या पंज्याकडे बघत राहिल्या, आणि मी पडवीतून त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले.

"नाय," त्या म्हणाल्या.

त्या मागे झाल्या. तो हात तसाच राहिला. त्यानं काही केलं नाही, कापड ओढलं नाही, फाडलं नाही. तो वाट बघत होता. मला जी भीती वाटली ती या वाट बघण्याची. मग कापड सावकाश मागे गेलं, सावली काड्यांत मिसळली, आणि थोड्या वेळानं पुन्हा आवाज सुरू झाला. टुक्. टुक्.

आम्ही आत येऊन मागचं दार लावलं. हफीजाबी फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या. तिसऱ्या प्रहरची, असरची बांग झाली तेव्हा बाहेरचा आवाज थांबला.

७

मग त्यांनीच दार उघडलं. मी मागोमाग गेले. पडद्यावर आतल्या बाजूनं उजव्या हाताचा पंजा उमटलेला होता. परागाचा, गडद पिवळा, आणि भोवतीचं कापड ओलसर. वाळत आलेल्या कडेला मिठाची बारीक पांढरी रेघ धरली होती. आत एकही माणूस उभा नव्हता. वाफ्यातल्या मातीवर पाऊल नव्हतं.

"आमच्या ह्यांना ह्या हाताला हे बोट नव्हतं," हफीजाबींनी आपलं अंगठ्याशेजारचं बोट दाखवलं. "बोटीवर दोर गुंडाळायच्या यंत्रात गेलं. फोटोत हात खिशात घातला तो त्याच्यासाठी."

मी पंज्याकडे पाहिलं. पाचही बोटं पूर्ण होती.

नझीरभाई तिकिटं घेऊन आले तेव्हा ते मला काही विचारणार होते, पण पडद्यावरचा पंजा पाहून थबकले. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं. दोघांना एकदमच काहीतरी आठवलं असावं, कारण हफीजाबी मला सांगू लागल्या आणि नझीरभाई नुसते मान हलवत राहिले.

लढाईच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी एक प्रेत लागलं होतं. कुठल्या तरी बुडालेल्या बोटीवरचा खलाशी. रंग गोरा, पण साहेबासारखा नव्हे, उन्हात रापलेला, केस काळेभोर. अंगावर कागद नव्हता. पोलिसांनी पंचनामा केला, पण कोण, कुठला, ते कळलं नाही. धर्मही कळला नाही. मोहल्ल्यातल्या माणसांनी त्याला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उंडीच्या झाडाखाली पुरलं. परड्यातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"मी जाऊन बघून आले होते," हफीजाबी म्हणाल्या. "कुणाचा तरी असेल म्हणून."

मी त्यांना विचारलं की मग इतकी वर्षं काही नाही आणि यंदाच का. मी हे विचारलं खरं, पण ते खरं मानून विचारलं हे मला नंतर उमगलं.

त्यांनी पडद्याकडे हात केला. "झाड त्याच्या मुलखातलं, पण उघड्यावर परक्या बाईच्या परड्यात कोण येईल? यंदा आपण त्याला खोली करून दिली."

मला तो पडदा त्याच क्षणी उतरवायचा होता. नाड्यांना हातही घातला. हफीजाबींनी माझा हात धरला आणि बहर संपेपर्यंत राहू दे म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी शेवटची एकदा आत गेले, नझीरभाईंना दाराशी उभं करून. जी फुलं दाबली गेली होती त्यांच्या जागी कोवळ्या, लवदार शेंगा डोकावत होत्या. ते अपेक्षितच होतं. मी लाल दोऱ्याच्या पिशव्या सोडल्या. या फुलांचा स्वतःचा पराग मी माझ्या हातानं काढून टाकला होता. पिशव्यांच्या गाठी मीच मारल्या होत्या, त्या जशाच्या तशा होत्या. प्रत्येक पिशवीत हिरवी शेंग होती.

पराग बाहेरून आला होता. याच झुडपाचा म्हणावा तर गाठी सुटलेल्या नव्हत्या, आणि या जातीचं दुसरं झाड समुद्राच्या अलीकडे कुठेही असल्याचं मला ठाऊक नव्हतं.

प्रबंधात मी फक्त खुळखुळ्यावर लिहिलं.

८

हफीजाबी नझीरभाईंबरोबर मुंबईला गेल्या, पण ठरल्या दिवशी नाही. तिकिटं परत झाली. फुलं संपल्यावर येते, त्यांनी भावाला सांगितलं, आणि दर माघात परत इथं येणार, हेही सांगितलं. नझीरभाईंनी वाद घातला नाही. पुढे मी रत्नागिरीत होते तोवर त्या दर वर्षी बोटीनं यायच्या, मलमल बाहेर काढायच्या, फाटलं असेल तिथे टाका घालायच्या आणि रावजीला बोलावून बांबू रोवून घ्यायच्या. मी त्यांना भेटायला जायची. पडवीच्या पुढे मात्र गेले नाही.

त्या पहिल्या वर्षी, त्या जायच्या आधीच्या दिवसांत, आम्ही दोघी अशाच बसलो होतो. फांद्यांच्या टोकाला थोडीशीच फुलं राहिली होती. पडद्याआड आवाज चालू होता. आता आम्ही दार लावत नव्हतो. मला भीती वाटत नव्हती असं नाही, पण चहा पिता येत होता.

हफीजाबींनी हातातलं शिवण खाली ठेवलं. "बाय, ह्या झाडाच्या मुलखात माड होतो का गो?"

मी म्हटलं, "नाही. तिथे थंडी असते. माड जगत नाही."

खाडीपलीकडे भाट्याच्या किनाऱ्यावर माडांची रांग होती, त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांना तिथं ओळखीचं काय दिसत असेल?"

मी पुस्तकातली चित्रं आठवू लागले, त्या बंदरांची, त्या काठच्या गावांची.

"खजुरी असते," मी म्हणाले. "समुद्राकाठी लावतात. उंच होते. वर असाच झुबका असतो."

"माडासारखी?"

"लांबून माडासारखी दिसते."

"दर्यातून बघितली तर?"

"दर्यातून फरक कळणार नाही, हफीजाबी."

त्यांनी मान हलवली. "तिथं पण कुणाचं तरी परडं असेल," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बाई असेल."

थोड्या वेळानं त्या उठल्या. पडवीतल्या मडक्यातून पेलाभर पाणी घेतलं, परड्यात उतरल्या, एक चिरा बाजूला करून पडद्याची कड उचलली आणि पेला आत ठेवला. कड पुन्हा नीट वाळूत दाबली आणि येऊन माझ्याशेजारी बसल्या.

आतला टुक्‌टुक आवाज थोडा वेळ थांबला.